चाच्यांनी पळवलेल्या मुलाची दाढ

दर १७ मार्चला आयर्लंडचा पाचव्या शतकातला संत, सेंट पॅट्रिक याची तीच गोष्ट फिरते: त्याने आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले. तिथे साप नाहीत, हे सोलिनस नावाचा रोमन लेखक तिसऱ्या शतकातच, म्हणजे पॅट्रिकच्या जन्माआधी लिहून गेला होता. मला त्याची दुसरी एक दंतकथा जास्त आवडते. स्लायगो परगण्यातल्या एका चर्चच्या उंबऱ्यावर पॅट्रिकचा दात पडला, असं म्हणतात. त्या दातासाठी घडवलेली मध्ययुगीन डबी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आजारी गुरांवर उतारा म्हणून ती वापरत. तिने गुरं बरी होणार नाहीत, पण माणूस कुठल्या मातीत वाढला, याची खूण दातात खरंच नोंदलेली असते.

पॅट्रिक मूळचा आयरिश नव्हेच. तो रोमन ब्रिटनमधल्या सुखवस्तू घरातला. साधारण सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्याला पळवून आयर्लंडला नेलं. सहा वर्षं गुरं राखून तो निसटला आणि पुढे धर्मप्रसारक होऊन परतला. हजारो माणसं आपल्याबरोबर पळवली गेली, असं त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे.

अशा पळवलेल्या माणसाचं मूळ कसं शोधायचं? खडकात रुबिडियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्यातल्या रुबिडियम-८७ चं अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होतं. अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षं. म्हणून जुन्या, रुबिडियम भरपूर असलेल्या ग्रॅनाइटमध्ये स्ट्रॉन्शियम-८७ चं स्ट्रॉन्शियम-८६ शी गुणोत्तर जास्त असतं, तर बसाल्टमध्ये कमी. खडकाची माती होते, मातीतून पिकात, पिकातून पोटात. स्ट्रॉन्शियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचा भाऊ, त्यामुळे दात घडताना ते कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. स्ट्रॉन्शियमच्या या दोन्ही समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, वस्तुमानात फरक इतका थोडा, की या सगळ्या प्रवासात गुणोत्तर जवळजवळ तसंच राहतं. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वस्तुमानाप्रमाणे वेगळे करणारं यंत्र, ते चौथ्या-पाचव्या दशांश स्थळापर्यंत मोजतो: समुद्राच्या पाण्यात ०.७०९२, चुनखडीच्या मऊ खडूत ०.७०८ च्या आसपास.

आता खरी गंमत. दातावरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, एकदा घडलं की पुन्हा बदलत नाही. पहिल्या कायमच्या दाढेचं कवच जन्मापासून तीनेक वर्षांत घडतं. अक्कलदाढ हिरडीतून उशिरा वर येते, पण तिचं कवच आतल्या आत साधारण आठ ते पंधरा वर्षांच्या दरम्यान तयार होऊन जातं. म्हणजे पॅट्रिकच्या तोंडातली प्रत्येक दाढ ब्रिटनचीच साक्ष देईल. हाड मात्र आयुष्यभर झिजतं आणि नव्याने भरतं, त्यात आयर्लंड उतरेल. परंपरेप्रमाणे त्याने गुरं राखली ती अँट्रिममधल्या स्लेमिश डोंगरावर. तो सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा उरलेला गाभा आहे, भोवती आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बसाल्ट. अडचण एवढीच, की हाड सच्छिद्र असतं. पुरल्यावर जमिनीतलं पाणी त्यात मुरतं आणि थडग्याची माती बोलू लागते. म्हणून संशोधक हाडापेक्षा इनॅमलवर भरवसा ठेवतात.

‘दातावरून गाव सापडला’ अशा मथळ्यांवर मात्र एकदम विश्वास ठेवू नका. एकच गुणोत्तर असलेल्या जागा दहा असू शकतात. किनाऱ्यावर तर समुद्राचे तुषार जमिनीचं गुणोत्तर ०.७०९२ कडे ओढतात. ‘हा माणूस इथला नाही’ हे इनॅमल बऱ्याच खात्रीने सांगतं; ‘तो अमुक गावचा’ हे क्वचितच.

पॅट्रिकचं एक पत्रही उरलं आहे, कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांना लिहिलेलं. त्यांनी नुकताच बाप्तिस्मा झालेली माणसं पळवून आताच्या स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांना विकली होती. त्या काळातला एखादा निनावी सांगाडा तिथे सापडला, तर मी आधी दोन दाढा मागेन, पहिली आणि अक्कलदाढ. पहिली आयर्लंडशी जुळली आणि दुसरी स्कॉटलंडशी, तर तो माणूस लहानपणीच आयर्लंडहून तिथे आला असावा, कदाचित पळवून आणलेला.