भालामासेमारी, थंड किनारी पाण्यातील

किनाऱ्यावरून पाण्यात उतरून, श्वास रोखून बुडी मारायची आणि साध्या भाल्याने किंवा रबराच्या ताणावर चालणाऱ्या स्पिअरगनने एकेक मासा निवडून टिपायचा, अशी ही मासेमारीची पद्धत. होडी, जाळे, गळ यांपैकी काहीही तिला लागत नाही. अनेक उष्ण व समशीतोष्ण किनाऱ्यांवर ती चालते. प्रस्तुत नोंद कॅलिफोर्नियाच्या मध्य व उत्तर किनाऱ्यापुरती, म्हणजे साधारणपणे मॉन्टेरेपासून मेंडोसिनोपर्यंतच्या खडकाळ पट्ट्यापुरती मर्यादित आहे. नवशिक्याने काय पाहावे, याचा विचार तीत मुख्यत्वे केला आहे.

या पट्ट्यात पाण्याचे तापमान वर्षाचा बराच काळ १० ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उत्तरेकडून येणारा कॅलिफोर्निया प्रवाह हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वायव्येचा वारा किनाऱ्याला धरून वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी समुद्राकडे लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. म्हणून मे-जूनमध्ये, हवा तापू लागलेली असताना, पाणी गार आणि हिरवट गढूळ असते. केल्प या मोठ्या समुद्रशैवालाची वने आणि त्यांतले मासे याच पोषकद्रव्यांवर पोसतात, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा नाही. नितळ पाणी आणि शांत समुद्र यांचा मेळ बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जमतो. नवशिक्याने हेच महिने धरावेत.

इतिहास : भाल्याने मासा मारणे अतिप्राचीन आहे. काँगोतील सेमलिकी नदीकाठी कटांडा येथे सापडलेली हाडांची दातेरी टोके सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीची मानली जातात. त्यांच्यासोबत मोठ्या मार्जारमीनांची हाडे मिळाली आहेत. हा काळ सर्वांना मान्य नाही. युरोपातील तशी हत्यारे पुष्कळच अलीकडची असल्याने काहींना तो फार मागे गेलेला वाटतो. मात्र ती सारी काठावरून किंवा उथळ पाण्यात उभे राहून वापरण्याची हत्यारे असावीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक कवी ऑपियन याने त्रिशूळाने होणाऱ्या मासेमारीचे आणि स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचे वर्णन केले आहे, पण तेथेही या दोन कसबांची सांगड पडलेली नाही.

पाण्याखाली जाऊन, डोळ्यांनी नीट पाहून शिकार करण्याचा आधुनिक प्रकार फ्रान्सच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर १९३० च्या आसपास रुजला, असे सामान्यतः मानतात. अँटीब येथे राहणारा अमेरिकन लेखक गाय गिलपॅट्रिक याने वैमानिकाच्या चष्म्याच्या फटी लांबीने (पुट्टीने) बुजवून तो पाण्यात वापरला. लुई द कॉर्लिए याने १९३३ मध्ये पायाच्या फिनांचे पेटंट घेतले. त्याच दशकाच्या अखेरीस अलेक क्रामारेंको व माक्सिम फोर्जो यांनी मुखवटे आणि स्प्रिंगच्या बंदुका आणल्या. रबरी पट्ट्यांवर चालणारी, आजच्या स्पिअरगनची थेट पूर्वज म्हणावी अशी बंदूक मार्सेयच्या जॉर्ज बशा याची. ती १९४७ ची. कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे ‘बॉटम स्क्रॅचर्स’ हे मंडळ १९३३ मध्ये स्थापन झाले. ते फ्रेंचांपासून स्वतंत्रपणे उगवले असावे.

या साऱ्या घडामोडी तुलनेने उबदार पाण्यातल्या आहेत. उत्तरेच्या थंड पाण्याचा अनुभव वेगळा होता. गेन्नोसुके कोदानी हा जपानी व्यावसायिक १८९७ मध्ये मॉन्टेरे भागात आला आणि पॉइंट लोबोस येथे अॅबलोनी या कवचधारी समुद्री गोगलगायीचा धंदा उभा केला. त्याने चिबा प्रांतातून पिढीजात पाणबुडे आणवले. श्वास रोखून बुडी मारण्यात हे लोक वाकबगार, पण इथल्या गारठ्यात त्यांना उघड्या अंगाने काम करणे जमेना. अखेर त्यांनी हवेच्या नळीचा, धातूच्या शिरस्त्राणाचा जड पोशाख चढवला. कसबात ते कोणालाही हार जाणारे नव्हते, तेव्हा अडचण केवळ थंडीची होती, हे यावरून स्पष्ट होते. पुढेही काही दशके येथे हौशी पाणबुडे लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात उतरत आणि थोड्याच वेळात किनाऱ्यावरच्या शेकोटीकडे पळत.

वेटसूटचा वाद : ही अडचण फेसाळ निओप्रीनच्या (एका कृत्रिम रबराच्या) पोशाखाने, म्हणजे वेटसूटने, दूर केली. तो पहिल्यांदा कोणी केला यावर बरीच शाई खर्च झाली आहे. तीन दावे मुख्य आहेत. पहिला बर्कली येथील भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांचा. महायुद्धात लॉस अॅलामॉसला अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेल्या या गृहस्थांनी नौदलाच्या पाणबुड्यांचा प्रश्न हाती घेतला आणि एक उलटी वाटणारी गोष्ट मांडली : अंग कोरडे राहण्याची गरजच नाही. ऊब धरून ठेवतात ते पदार्थातले बंद बुडबुडे. ते असतील तर आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उष्णतेने तापते व तिथेच राहते. निओप्रीनचा फेस वापरण्याची सूचना त्यांचे सहकारी विलर्ड बॅस्कम यांनी केल्याचे सांगतात. दुसरा दावा जॅक ओनील यांचा. त्यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी दुकान काढले. तिसरा रेडोंडो बीचच्या बॉब व बिल मेस्ट्रेल या जुळ्या भावांचा. त्यांचा व्यवसाय १९५३ च्या सुमारास उभा राहिला. बशा यांनीही फ्रान्समध्ये १९५३ मध्ये असा पोशाख बाजारात आणला, पण त्यांचे नाव या अमेरिकन भांडणात क्वचितच घेतले जाते.

ओनील व मेस्ट्रेल यांच्या बाजूने मुख्यतः आठवणी आणि खपाचा इतिहास आहे. ब्रॅडनर यांच्या बाजूने १९५१ मधील पत्रव्यवहार आहे. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतून १९९८ मध्ये निघालेल्या एका अभ्यासाने याच पत्रांच्या आधारे श्रेय ब्रॅडनर यांना दिले. ब्रॅडनर पुढे त्याच संस्थेत होते, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. तरी तारीख असलेला कागद आठवणीपेक्षा भारी, आणि दुसऱ्या बाजूंकडून त्याहून जुना कागद पुढे आलेला दिसत नाही. ब्रॅडनर यांना त्यावर पेटंट मिळाले नाही. नौदलालाही शंका होती की बुडबुड्यांनी भरलेला पोशाख ध्वनिलहरींच्या यंत्रणेला चटकन सापडेल. सर्वसामान्यांपर्यंत वेटसूट नेण्याचे काम मात्र ओनील व मेस्ट्रेल यांनीच केले, यात दुमत नाही.

पोशाख व वजन : इथल्या पाण्यासाठी साधारणतः ५ ते ७ मिलिमीटर जाडीचा, टोपी जोडलेला, दोन भागांचा वेटसूट वापरतात. आतली बाजू अस्तराविना, उघड्या बुडबुड्यांची असते. ती कातडीला इतकी चिकटते की कोरडी चढवू गेल्यास नखाने फाटते. म्हणून बाटलीत कोमट पाणी आणि थोडा शाम्पू किंवा केसांचे कंडिशनर घुसळून ते आत ओततात, सदरा उलटसुलट हलवून सगळीकडे पसरवतात आणि मग हात सरकवतात. खांद्याशी अडले तर ओढायचे नाही. तळव्याने दाबत वर न्यायचे. शेवटी पाठीकडून येणारी पट्टी दोन पायांमधून पुढे घेऊन अडकवायची.

बुडबुड्यांचा हा गुण खोल पाण्यात उलटतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे वायूचे आकारमान जवळपास निम्मे होते. सूट पातळ पडतो, ऊब घटते आणि तरंगण्याची शक्तीही घटते. पृष्ठभागावर बूच होऊन तरंगणारा माणूस तळाशी दगड होतो. कमरेच्या पट्ट्यावर शिसे किती घ्यावे याचे गणित इथेच चुकते. बुडणे सोपे जावे म्हणून नवशिका जादा वजन घेतो आणि वर येताना, श्वास संपत आलेला असताना, तेच वजन त्याला खाली ओढते. सुमारे दहा मीटरवर माणूस ना वर ना खाली, असा तोल असावा, हा रूढ ठोकताळा आहे. उथळ पाण्यात शिकताना तर त्याहून हलके राहिलेले बरे. पट्टा एका हाताने झटक्यात सुटला पाहिजे.

हत्यार : पोल-स्पिअर म्हणजे मागे रबरी फास असलेला लांब भाला. फास अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून भाल्यावर हात पुढे सरकवतात व मूठ सैल सोडतात. त्याचा पल्ला जेमतेम त्याच्या लांबीइतका, त्यामुळे माशाच्या जवळ जाण्याची सवय लागते. बंदूक घ्यायचीच तर ७५ ते ९० सेंटिमीटरची पुरते. दोन-तीन मीटरच दिसणाऱ्या पाण्यात आणि केल्पच्या देठांत लांब बंदूक फिरतच नाही. पाण्यातून काचेवर येणारा प्रकाश वाकतो, म्हणून मासा प्रत्यक्षाच्या पाऊणपट अंतरावर व सुमारे तृतीयांशाने मोठा दिसतो. लहान मासा कायदेशीर आकाराचा भासण्याचे मूळ यातच आहे. बंदूक पाण्याबाहेर ताणून ठेवत नाहीत. मारलेला मासा कमरेला न लटकवता निशाण लावलेल्या तरंगत्या फ्लोटला बांधतात.

पाण्यात उतरणे : किनाऱ्यावरून जाणाऱ्याची खरी परीक्षा लाटांच्या पट्ट्यात होते. दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा झुंडीने येतात आणि मधल्या वेळेत समुद्र फसवा शांत दिसतो. म्हणून कपडे चढवण्याआधी वीसेक मिनिटे नुसते उभे राहून पाहण्याची शिस्त जुने लोक पाळतात. आत जाण्यापेक्षा बाहेर निघणे अवघड असते. परतीची जागा आधी ठरवावी. कार्मेलजवळचा मॉनेस्टरी बीच हा याचा नेहमीचा दाखला. तेथे वाळूचा उतार एकदम तुटतो, लाट पायाशीच फुटते आणि वाळू पायाखालून निसटते. दिसायला तो किनारा अगदी सोज्वळ आहे. केल्पच्या दाट थरातून परतताना पाय मारत बसू नये. पोटावर आडवे होऊन, देठ हातांनी दाबत पुढे सरकावे.

मासे : नवशिक्याच्या वाट्याला बहुधा खडकाशी राहणारे रॉकफिश, केल्प ग्रीनलिंग, कॅबेझॉन आणि लिंगकॉड येतात. लिंगकॉड (शास्त्रीय नाव ऑफिओडॉन इलोंगेटस) खडकावर स्थिर पडून राहतो व त्याच्या ठिपक्यांमुळे तो खडकाचाच भाग वाटतो. हिवाळ्यात नर कपारीत अंड्यांचा पांढरा गोळा राखत बसतो आणि माणूस जवळ आला तरी हलत नाही. असा मासा मारणे सोपे असते. जाणते त्याला सोडून देतात. काही लिंगकॉडचे मांस निळे-हिरवे निघते, पण शिजल्यावर ते पांढरे होते आणि खाण्यास चांगले असते. कॅबेझॉनची अंडी (गाबोळी) मात्र विषारी असते. कोकणातून तिकडे गेलेल्या, गाबोळी आवडीने तळून खाणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रॉकफिशचे काटेही टोचल्यास ठणकतात.

धोके : सर्वांत मोठा धोका शार्कचा नाही, शुद्ध हरपण्याचा आहे. श्वास घेण्याची उबळ प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते. बुडीपूर्वी भराभर श्वास घेतले की हा वायू घटतो, उबळ उशिरा येते आणि तोवर प्राणवायू संपत आलेला असतो. वर येताना दाब उतरतो, फुप्फुसातील प्राणवायूचा आंशिक दाब एकदम खाली येतो आणि पृष्ठभागाच्या ऐन जवळ माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होतो. अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ पासून अशा घटनांचा अभ्यास केला. थंडी यात भर घालते : कुडकुडण्याने प्राणवायूचा खर्च वाढतो आणि श्वास टिकत नाही. चेहऱ्याला गार पाणी लागताच नाडी मंदावते हे खरे. पण त्या भरवशावर जास्त वेळ खाली राहू नये. उपाय साधा आहे. एक खाली, एक वर. वरच्याने नजर हलवायची नाही आणि जोडीदार बाहेर आल्यावरही थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे. दोन बुड्यांमध्ये निदान दुप्पट वेळ विश्रांती घ्यावी. बोटे बधिर झाली, पट्ट्याची कडी चाचपडावी लागली, की तो दिवस संपला असे समजावे.

बोडेगा, फॅरलोन बेटे आणि बिग सर यांमधल्या समुद्राला पांढऱ्या शार्कमुळे ‘लाल त्रिकोण’ म्हणतात. सीलांच्या वसाहतीजवळ आणि रक्ताळलेला मासा जवळ बाळगून पोहू नये, एवढी काळजी पुरे मानली जाते.

कायदा व सद्यःस्थिती : सोळा किंवा अधिक वर्षांच्या व्यक्तीला मासेमारीचा परवाना लागतो. लिंगकॉडसाठी किमान लांबी २२ इंच (सुमारे ५६ सेंटिमीटर) अशी आहे. हंगाम व रोजची मर्यादा वारंवार बदलतात, म्हणून राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची त्या वर्षीची नियमावली पाहूनच निघावे. गॅरिबाल्डी, जायंट सी बास, सॅमन व ट्राउट भाल्याने मारता येत नाहीत. व्हेंचुरा काउंटीच्या उत्तरेस समुद्राला मिळणाऱ्या ओढ्याच्या मुखापासून १०० यार्डांच्या आत भाला बाळगणेही गुन्हा आहे. १९९९ च्या सागरी जीव संरक्षण कायद्यानुसार मध्य किनाऱ्यावर २००७ पासून व त्याच्या उत्तरेस २०१० पासून संरक्षित क्षेत्रांचे जाळे विणले गेले. कोदानीच्या पाणबुड्यांचे पॉइंट लोबोस आता त्यातच मोडते.

उत्तरेकडे २०१३ पासून तारामाशांना रोगाने ग्रासले. व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जीवाणू त्यामागे असल्याचे २०२५ मध्ये दाखवण्यात आले. अर्चिन (केल्पवर जगणारे काटेरी गोल समुद्री प्राणी) खाणारे मोठे तारामासे नाहीसे झाले, पाठोपाठ २०१४ ते २०१६ ची सागरी उष्णतेची लाट आली आणि जांभळ्या अर्चिनांनी सोनोमा-मेंडोसिनो किनाऱ्यावरील नव्वद टक्क्यांहून अधिक बुल केल्प संपवले. अॅबलोनी उपाशी मरू लागली; तिची हौशी मासेमारी २०१८ पासून बंद आहे. पूर्वी अॅबलोनीसाठी बुड्या मारणारे अनेक जण त्यानंतर भाल्याकडे वळले आहेत, आणि मेंडोसिनोजवळच्या कॅस्पर कोव्हमध्ये हातोडे घेऊन अर्चिन फोडण्याच्या मोहिमांतही तेच दिसतात.