वाळूमाशी वाळूत नसते

खानदेशात संध्याकाळी डोळ्यांपुढे जे काही बारीक घोंघावतं, ते सगळं चिलट. पण चिलट चावत नाही. ते डोळ्यातल्या पाण्यासाठी, जखमेच्या ओलीसाठी येतं. गोठ्याशेजारी खाट टाकून झोपलेल्याला रात्री गुपचूप चावते ती वेगळी. ती वाळूमाशी, आरोग्य खात्याच्या भाषेत सँडफ्लाय.

नाव ऐकून तापी-गिरणेचं पात्र आठवतं. वाळूशी तिचं नातं मात्र फक्त रंगाचं. दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर केस, बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे. न्यूझीलंडमध्ये हेच नाव वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या अगदी वेगळ्या माशीला आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून उपाय ठरवला की फसगत होते.

आपली वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. डबकी बुजवा, टाक्या झाका, डास कमी होतील, ही होणार नाही. मातीच्या भिंतीची भेग, गोठ्यातला ओला कोपरा, कुजलेलं शेण आणि पालापाचोळा यांत तिच्या अळ्या वाढतात. धाब्याच्या घराच्या ज्या जाड भिंती मे महिन्यात आपल्याला गारवा देतात, त्यांच्याच भेगांत तिलाही दिवसभर अंधार आणि ओलावा मिळतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोष घराचा नाही, न बुजवलेल्या भेगांचा आहे.

तिच्या एका जातीचं शास्त्रीय नाव फ्लेबोटोमस पापाटासी. फ्लेबोटोमस म्हणजे ग्रीकमध्ये शीर कापणारी. डास बारीक सुईसारखी सोंड केशवाहिनीत घालतो; ही करवतीसारख्या पात्यांनी कातडी फाडते आणि साचलेलं रक्त पिते. पापाटासीचं मूळ इटालियनमधलं, अर्थ 'गुपचूप खाणारी'. डासासारखी गुणगुण ती करत नाही, हे त्या लोकांनी बरोबर हेरलं. चावते फक्त मादी.

१९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्यात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि गावाचंच नाव त्याला मिळालं. तो मुख्यतः वाळूमाशी पसरवते. २०२४ च्या पावसाळ्यात नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातेत त्याची साथ आली. लहान मुलांना अचानक मोठा ताप, झटके, बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत जीव धोक्यात. असा ताप दिसला की सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा.

नेहमीच्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरू शकते. बारीक विणीची, औषध लावलेली मच्छरदाणी हवी. भिंतीच्या भेगा माती-चुन्यानं बुजवाव्यात, आणि शेणाचा उकिरडा घरापासून लांब न्यावा.