कमानपाटे काढले, मग हाऊसिंग धरणार कोण?

जुन्या जीपच्या किंवा जिप्सीच्या मागे वाकून पाहिलं की दोन्ही बाजूंना कमानपाट्यांची चवड दिसते. मधोमध सेंटर बोल्ट, यू-बोल्टांनी आवळलेलं हाऊसिंग (दोन चाकांमधलं, अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियल पोटात घेणारं लोखंडी आवरण), पुढच्या टोकाला बुश आणि मागच्या टोकाला झुलणारी शॅकल. दिसायला ओबडधोबड, पण एवढ्याशा लोखंडाकडून किती कामं करून घेतलेली असतात! पाटा गाडीचं वजन पेलतो. हाऊसिंगला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकू देत नाही. इंजिनाच्या जोरामुळे हाऊसिंग स्वतःभोवती फिरू पाहतं, तेही तोच अडवतो. शिवाय पाट्यावर पाटा घासतो, तेव्हा उसळी थोडी मरते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत काय किंवा होटगी रस्त्याला काय, वेल्डिंग आणि लेथवाल्यांची वानवा नाही. त्यामुळे ऑफ-रोडिंगची हौस असलेली मंडळी पाटे काढून मागे कॉइलओव्हर बसवायचा बेत सहज करतात. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्याच्याच अंगावर चढवलेली गुंडाळी स्प्रिंग, दोन्ही मिळून एकच नग. हा नग वजन पेलतो आणि उसळी जिरवतो. पाट्याची बाकीची कामं त्याच्या हिशेबातच नाहीत. नुसते पाटे काढून कॉइलओव्हर लावले, तर पहिल्या क्लचलाच हाऊसिंग जागा सोडेल.

मग हा खटाटोप का करायचा? पाट्यांमधलं घर्षण हे दुधारी असतं. बारीक खड्ड्यांवर पाटे हलतच नाहीत आणि गाडी टायरच्या रबरावरच उसळत राहते. त्यात काळ्या मातीचा चिखल आणि गंज साठला की विचारूच नका. गावाकडे त्यावर जळकं ऑइल सोडतात ते यासाठीच. दुसरी अडचण चढावर कळते. लो गिअरमध्ये जोर लावला की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो, टायरची पकड सुटली की सरळ होतो, पुन्हा वळतो. मागचा भाग थडथड उडायला लागतो. शिवाय एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात अशी वेळ आली की लांब चालीच्या कॉइलओव्हरवर हाऊसिंग जितकं तिरपं होतं, तितकं पाट्यांवर होत नाही. कंपन्यांनीही हीच वाट धरली: २०१० ची थार मागे पाट्यांवर होती, २०२० च्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आणि लिंक रॉड आले.

तर, हाऊसिंग धरायला रॉड हवेत. रूढ रचना चार रॉडची: दोन खाली, दोन वर. किती ताकदीचे, ते हिशेबानेच पाहू. इंजिनाचा १०० न्यूटन-मीटरचा टॉर्क गिअर आणि डिफरन्शियलमधून ३० पट वाढला, तर मागच्या चाकांपाशी ३,००० होतो. टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली तर जमीन गाडीला साडेआठ हजार न्यूटनने, म्हणजे पाऊण टनाहून जास्त जोराने पुढे ढकलते. खालचे रॉड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि वरचे त्यांच्याही वर २० सेंटिमीटरवर असतील, तर वरच्या जोडीवर १.३ टनांची ओढ आणि खालच्या जोडीवर २ टनांच्या वर दाब येतो. गाडी अजून दगडावर आदळलेलीसुद्धा नाही! भंगारातला वॉटरलाइनचा पाइप इथे का चालत नाही, हे या आकड्यांवरून दिसतं.

आडव्या दिशेला हाऊसिंग धरायचे दोन मार्ग. एक पॅनहार्ड रॉड: एक टोक चासीला, दुसरं हाऊसिंगला. सोपा, पण त्याचं टोक वर्तुळाच्या कमानीत फिरतं, म्हणून चाकं वर-खाली होताना हाऊसिंग बाजूलाही सरकतं. ८० सेंटिमीटरच्या रॉडला १० सेंटिमीटर हालचालीत हा सरकाव सुमारे ६ मिलिमीटर. हालचाल दुप्पट झाली की तो चौपट, म्हणजे अडीच सेंटिमीटर. लांब चालीचे कॉइलओव्हर घ्यायचे असतील तर वरचे दोन रॉड तिरपे, त्रिकोणात बसवलेले बरे. मग पॅनहार्डची गरजच उरत नाही. माझं मत विचाराल तर जागा असेल तिथे त्रिकोणच करावा.

आता स्प्रिंग. इथे बहुतेक जण ‘मित्राच्या गाडीला हीच आहे’ या आधारावर खरेदी करतात. त्यापेक्षा वजनकाट्यावर जावं; साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात काटा शोधावा लागत नाही. डिझेल-पेट्रोल, स्टेपनी, माणसं, सगळं भरून फक्त मागची चाकं काट्यावर घ्यायची. समजा ६२० किलो आलं. त्यातून हाऊसिंग आणि चाकांचं १२० किलो वजा, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं. उरले ५००, एका बाजूला २५०. स्प्रिंग १ सेंटिमीटर दाबायला २५ किलो लागत असतील, तर उभी गाडी तिला १० सेंटिमीटर बसवेल. बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगवर हा आकडा बहुधा ‘इंचाला इतके पौंड’ असा छापलेला असतो: १४० म्हणजे आपले २५.

या बसण्यातून गाडीचा झोका कळतो. बसण्याच्या सेंटिमीटरचं वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. सेकंदाला किती झोके ते उत्तर येतं. १० सेंटिमीटरला १.६. माणसाच्या चालण्याचा ठेका दीड-दोनच्या आसपास असतो, म्हणून हा झोका अंगाला सोसतो. सेकंदाला चार ते आठ झोक्यांना मात्र पोट आणि पाठ तक्रार करतात.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ ची घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते. वेढे कमी केले तरी कडकपणा वाढतो. गाडी खाली बसवायला स्प्रिंगचा वेढा कापणारे नकळत तीही कडक करून ठेवतात. आणि गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य, “मालक, कॉलर आवळली की गाडी कडक होती बगा.” होत नाही. कॉलर नट, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला टेकलेली आट्यांची चकती, फिरवल्याने गाडी उंच होते आणि चाक खाली उतरायची जागा कमी होते. २५ ची स्प्रिंग २५ चीच राहते. मऊ आणि कडक दोन्ही हवं असेल तर दोन स्प्रिंगा एकावर एक ठेवतात. ५० च्या दोन मिळून २५ भरतात, आणि खूप दाबल्यावर अडवणूक करणाऱ्या कड्यामुळे एक बाद झाली की उरलेली ५० ची एकटी झुंजते.

बसवताना तिरकेपणाचा घोळ होतो. जागेअभावी कॉइलओव्हरची वरची टोकं आत झुकवतात. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा: जोर जास्त लागतो, हात मात्र कमी सरकतो. झुकलेल्या स्प्रिंगचा तोटाही असाच दोनदा होतो, एकदा बलात आणि एकदा हालचालीत. म्हणून ३० अंश झुकवलं की २५ ची स्प्रिंग चाकाला १९ चीच वाटते. ४५ अंशांना थेट निम्मी. दोन कॉइलओव्हर एकमेकांच्या जवळ आले की वळणावर कलणंही वाढतं, तेही वर्गाच्या प्रमाणात: १०० सेंटिमीटरचं अंतर ८० केलं तर कलण्याला होणारा विरोध ६४ टक्क्यांवर येतो.

सोलापूरच्या रस्त्यांचा स्वभाव इथे मध्ये येतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता लांबलचक लाटांसारखा होतो. १० मीटरची एक लाट आणि गाडीचा वेग ताशी ५७ किलोमीटर असेल, तर सेकंदाला १.६ धक्के बसतात. म्हणजे गाडीचा स्वतःचाच झोका! अशा वेळी उसळी वाढत जाते आणि तिला आवरायला शॉकअपशिवाय कुणी नसतं. शॉकअप उसळीची उष्णता करतो. दीड हजार न्यूटनचा विरोध आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग म्हणजे ७५० वॅट, एक अश्वशक्ती, एका नळकांड्यात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना ही उष्णता सहज बाहेर जात नाही. तेल पातळ होतं, त्यात बुडबुडे धरले तर शॉकअप पोकळ चालतो. फ्रान्सच्या ख्रिश्चियन बुर्सिए द कार्बन यांनी १९५० च्या दशकात तेलावर दाबाखालचा वायू ठेवणारा शॉकअप आणला, तो यावरचाच उपाय. आजच्या चांगल्या कॉइलओव्हरमध्ये नायट्रोजन भरतात तो त्यासाठी.

फक्त मागे कॉइलओव्हर बसवणाऱ्यांनी इंजिनिअर मॉरिस ओली यांचं काम लक्षात घ्यावं. १९३० च्या दशकात कॅडिलॅक या अमेरिकी मोटार कंपनीत त्यांनी वजनं इकडेतिकडे हलवता येतील अशी गाडी चालवून पाहिलं, की पुढचा झोका मागच्यापेक्षा थोडा संथ असला तर प्रवास सपाट वाटतो. कारण साधं आहे: उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागचा भाग जरा जलद झुलला की पुढच्याला गाठतो. पुढे जुने ताठ पाटे आणि मागे लुसलुशीत स्प्रिंग असं केलं, तर नेमकं उलटं होतं आणि गाडी लाटांवर नाक वर-खाली करत राहते. पुढचा झोका आधी मोजा, मग मागची स्प्रिंग ठरवा.

प्रत्यक्ष बसवण्याचं चांगलं काम ओळखायची एक खूण आहे. चांगला मिस्त्री आधी स्प्रिंगा उतरवून नुसते शॉकअप लावतो, ब्रॅकेटला फक्त टॅक (तात्पुरता वेल्डिंगचा ठिपका) मारतो आणि जॅकने हाऊसिंग पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एक बाजू वर आणि एक खाली असं फिरवून बघतो. टायर कुठे घासतो? ब्रेकचा होज ताणला जातो का? प्रॉपेलर शाफ्ट त्याच्या सरकत्या सांध्यातून, म्हणजे स्लिपमधून, निसटायला आलाय का? हे झाल्यावरच पक्कं वेल्डिंग. शॉकअप पूर्ण दबण्याआधी बंप स्टॉप (हाऊसिंगला अडवणारा रबरी ठोकळा) लागला पाहिजे आणि पूर्ण ताणण्याआधी हाऊसिंगला खाली जाण्यापासून रोखणारा पट्टा. बोल्ट एकाच पत्र्यातून बाहेर लोंबत असेल तर तो वाकतो आणि भोक अंडाकृती होतं. दोन पत्र्यांच्या मध्ये टोक धरलं की वाकण्याचा धोका खूपच कमी होतो.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. सोलापूरची एमएच १३ ची पाटी लावून अशी गाडी रोज ‘सात रस्ता’ चौकातून फिरवायची म्हटलं तर अवघड आहे. ती ट्रेलरवर घालून स्पर्धेच्या किंवा खासगी जागेवर न्यावी.

तिथे पोचल्यावर शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय हलकेच आवळा आणि ट्रॅकवर एक चक्कर मारा. शॉकअप जितका दबेल तितका टाय सरकून तिथेच थांबतो. बंप स्टॉप लागतो त्या खुणेच्या बराच अलीकडे तो राहिला असेल तर स्प्रिंग कडक पडली. दर चकरेला तो त्या खुणेपर्यंत जात असेल तर मऊ. सगळ्यात मोठ्या धक्क्याला जेमतेम टेकला, तर स्प्रिंग तीच ठेवून शॉकअपच्या व्हॉल्व्हकडे वळा.