असेसर व साक्षीदार (वसाहतकालीन न्यायालये, नागपूर)

असेसर व साक्षीदार : ब्रिटिश अमदानीत नागपूरच्या सेशन्स कोर्टात न्यायाधीशाशेजारी बसून आरोपीच्या दोषादोषाविषयी मत देणाऱ्या गृहस्थांना ‘असेसर’ म्हणत. त्यांची निवड, हजेरी व मत आणि पिंजऱ्यात उभे राहून जबानी देणाऱ्या साक्षीदारांची पात्रता, शपथ व तपासणी यांविषयीच्या नियमांचा विचार या नोंदीत केला आहे. काळ ढोबळमानाने १८६२ ते १९५५ असा धरला आहे. मुंबई-कलकत्त्याच्या हायकोर्टांत आणि बंगाल, मद्रास, मुंबई इलाख्यांतील काही जिल्ह्यांत ज्यूरी (दोषादोषाचा निर्णय देणारे नागरिकांचे मंडळ) बसे. मध्य प्रांतात मात्र सेशन्स खटल्याचा नेम असेसरांचाच राहिला. जुन्या नागपुरी बोलण्यात असेसर व ज्यूरर या दोघांनाही सरसकट ‘पंच’ म्हटले जाई. त्यामुळे घोटाळा होतो, कारण झडतीच्या वेळी पंचनाम्यावर सही करणारा पंच हा तिसराच माणूस आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तो निव्वळ साक्षीदार असतो.

पूर्वपीठिका : भोसल्यांच्या राज्यात दिवाणी तंटे पंचायतीकडे जात, फौजदारी अधिकार राजा व त्याचे कमाविसदार (महसुली अधिकारी) यांच्या हाती असत. सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) आप्पासाहेब पदच्युत झाले आणि तिसऱ्या रघूजींच्या अज्ञानपणी ब्रिटिशांचा रेसिडेंट (दरबारातील प्रतिनिधी) रिचर्ड जेंकिन्स याने कारभार पाहिला. त्यानेही पंचायती चालू ठेवल्या. रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. प्रांताचे वरिष्ठ न्यायपीठ म्हणजे नागपूरचे ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट. ९ जानेवारी १९३६ रोजी त्याच्या जागी नागपूर हायकोर्ट आले.

असेसरपद्धतीचा उगम : याविषयी मतभेद आहे. एक मत असे, की असेसर हा पंचायतीचाच सरकारी अवतार. या मताला आधार दोन. पहिला, १८३२ चे बंगालचे सहावे रेग्युलेशन (ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचा कायदा). त्यात यूरोपीय न्यायाधीशाला ‘प्रतिष्ठित नेटिवां’चे साहाय्य घेण्याच्या तीन वाटा दिल्या होत्या : प्रश्न पंचायतीकडे चौकशीला पाठवणे, दोन किंवा अधिक असेसर जवळ बसवणे, अथवा ज्यूरीसारखी मंडळी नेमणे. तिन्ही एकाच मजकुरात शेजारी शेजारी येतात, यावरून त्या एकाच मुळाच्या फांद्या असाव्यात असा तर्क केला जातो. दुसरा आधार १८६० च्या दंडसंहितेचा. तिच्या एकविसाव्या कलमात लोकसेवकांची जी यादी होती तिच्या पाचव्या खंडात ‘ज्यूरर, असेसर किंवा पंचायतीचा सभासद’ अशी तिघांची एकत्र मोजदाद होती.

दुसरे मत वेगळ्या दिशेने जाते. कंपनीच्या फौजदारी न्यायालयांत आधी मुसलमान विधि-अधिकाऱ्याचा फतवा घेतल्याशिवाय निकाल होत नसे. १८३२ च्या त्याच रेग्युलेशनने मुसलमानेतर आरोपीला मुसलमानी कायद्याखालील चौकशी नाकारण्याची मुभा दिली आणि अशा खटल्यात फतव्याची गरज उरली नाही. फतवा गेल्याने न्यायाधीशाच्या शेजारची जी जागा मोकळी झाली ती भरायला असेसर आले, असे हे मत सांगते. असेसरांचा उपयोग मुख्यतः साक्षीदारांच्या तपासणीत व्हावा आणि निर्णय सर्वस्वी न्यायाधीशाचाच राहावा, असे रेग्युलेशनचा मजकूर म्हणतो. पंचायतीत निर्णय पंचांचा असतो. पंचांचे ऐकून घ्यायचे आणि निकाल मात्र आपला लावायचा, याला गावात कोणी पंचायत म्हटले नसते. तेव्हा दुसरे मत मजकुराशी अधिक जुळते, एवढे म्हणता येईल.

नागपूरपुरते पाहता हा वाद काहीसा दूरचा आहे. मध्य प्रांत ‘नॉन-रेग्युलेशन’ असल्याने बंगालची रेग्युलेशने येथे जशीच्या तशी लागू नव्हती. असेसर येथे आला तो १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेबरोबर, म्हणजे साधारण १८६२ नंतर, तयार स्वरूपात. १८७२, १८८२ आणि १८९८ च्या संहितांनी तीच चौकट पुढे चालवली.

यादी व निवड : १८९८ च्या संहितेप्रमाणे जिल्ह्यात राहणारा २१ ते ६० वर्षे वयाचा प्रत्येक पुरुष ज्यूरर किंवा असेसर होण्यास बांधलेला होता. स्त्रियांचा प्रश्नच नव्हता. वरिष्ठ मुलकी अधिकारी, पगारी न्यायाधीश, पोलीस, सैनिक, पौरोहित्य करणारे, उघड व नित्य वैद्यकी करणारे आणि टपाल व तार खात्यातील नोकर यांना सूट होती. सेशन्स जज्ज आणि जिल्ह्याचा मुलकी प्रमुख (मध्य प्रांतात त्याला डिप्टी कमिशनर म्हणत) मिळून यादी करीत. तीत नाव, राहण्याचे ठिकाण व धंदा असे. ती कचेरीत व कोर्टात लावली जाई, हरकती ऐकल्या जात आणि दरवर्षी ती तपासली जाई. कागदावर सर्व पुरुष पात्र असले तरी ‘लायक’ कोण हे ठरवणारे दोघेच होते. मालगुजार, सावकार, पेन्शनर अशा ‘बड्या’ मंडळींकडेच या पद्धतीचा ओढा राहणार, हे त्यावरून दिसते.

खटल्याच्या किमान सात दिवस आधी जज्जाने मॅजिस्ट्रेटला पत्र धाडायचे, लागतील त्याच्या निदान दुप्पट माणसांना समन्स काढायचे, नावे उघड्या कोर्टात चिठ्ठ्या टाकून काढायची आणि मागील सहा महिन्यांत बसलेल्यांना शक्यतो वगळायचे, असा क्रम होता. समन्स मिळूनही न येणाऱ्यास १०० रुपयांपर्यंत दंड होई. दंड वसूल न झाल्यास पंधरा दिवसांपर्यंत दिवाणी कैद. शंभर रुपये ही त्या काळी हलकी रक्कम नव्हती. आलेल्यांतून आरंभी दोन किंवा अधिक असेसर बसत. १९२३ च्या दुरुस्तीने ही संख्या किमान तीन आणि जमल्यास चार अशी झाली. सुनावणी चालू असता एखादा येईनासा झाला तर उरलेल्यांवर काम चाले. सगळेच गळाले तर खटला नव्याने चालवावा लागे.

कोर्टातील स्थान : असेसराला न्यायाधीशामार्फत किंवा त्याच्या परवानगीने साक्षीदाराला प्रश्न विचारता येई (पुरावा अधिनियम, कलम १६६). गुन्ह्याची जागा पाहायला नेले तर बरोबर कोर्टाचा माणूस असे आणि वाटेत इतर कोणी असेसरांशी बोलायचे नसे. खटल्यातील एखादी गोष्ट असेसराला स्वतःला ठाऊक असेल तर ती न्यायाधीशाला सांगणे त्याचे कर्तव्य होते. मग त्याच खुर्चीवरून उठून तो पिंजऱ्यात जाई, शपथ घेई आणि इतर साक्षीदारांसारखी त्याचीही उलटतपासणी होई. गावकीत पंचाला तंट्याची आतली माहिती असणे हाच त्याचा गुण समजला जाई. येथे तीच माहिती झाकून ठेवणे दोष ठरले.

दोन्ही बाजू संपल्यावर न्यायाधीशाने प्रत्येक असेसराला प्रत्येक आरोपावर तोंडी मत विचारायचे आणि ते लिहून घ्यायचे. त्यानंतर निकाल लिहायचा तो न्यायाधीशानेच, आणि असेसरांच्या मताप्रमाणे चालण्यास तो बांधलेला नाही असे कलम ३०९ मध्ये स्पष्ट होते. ज्यूरीशी मतभेद झाल्यास सेशन्स जज्जाला प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावे लागे. असेसरांशी मतभेद झाला तर निकालपत्रातील चार ओळींत भागे. आणखी एक फरक फारसा लक्षात घेतला जात नाही. १८७३ च्या शपथ अधिनियमाने शपथ कोणी घ्यायची ते सांगितले : साक्षीदार, दुभाषी आणि ज्यूरर. त्यात असेसर नव्हता. मात्र आरोपीच्या दृष्टीने या पद्धतीत एक फायदा होता. ज्यूरीच्या निकालावर अपील एरवी कायद्याच्या मुद्द्यापुरतेच चाले, तर असेसरांच्या खटल्यात वस्तुस्थितीवरही अपील करता येई.

असेसरांविना चालणारे खटले : संहितेच्या तिसाव्या कलमाने पंजाब, अवध, मध्य प्रांत इत्यादी प्रदेशांत जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला, देहान्ताची शिक्षा नसलेले सर्व गुन्हे चालवण्याचा आणि सात वर्षांपर्यंत कैद देण्याचा अधिकार देता येई. म्हणजे मुंबई इलाख्यात सेशन्सला गेला असता असा दरोड्याचा खटला नागपूरकडे एकट्या मॅजिस्ट्रेटसमोर निकालात निघू शके. असेसरांच्या नियमांचे कितीही बारकावे सांगितले तरी त्यांची व्याप्ती या एका कलमाने आखडली होती. यूरोपीय आरोपीची तऱ्हा उलटी. यूरोपीय आरोपींचे खटले भारतीय न्यायाधीशांना चालवता यावेत असे सुचवणाऱ्या इल्बर्ट बिलाच्या वादानंतर झालेल्या १८८४ च्या अधिनियमाने त्याला, निम्म्याहून कमी नाहीत इतके यूरोपीय किंवा अमेरिकन असलेली ज्यूरी मागता येई.

साक्षीदार व शपथ : १८७२ चा पुरावा अधिनियम १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्यानुसार प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारा कोणीही साक्ष देऊ शके, मग तो बालक असो वा वृद्ध. मुक्या माणसाची खुणांनी दिलेली साक्षही तोंडीच समजली जाई. अमुकच संख्येचे साक्षीदार हवेत असा नियम नव्हता. जात किंवा धर्म यांवरून साक्षीचे वजन ठरवण्याला या कायद्यात जागा नव्हती.

शपथेचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी मुलखात बेलभंडार उचलणे, तुळशीपत्र किंवा गंगाजळ हाती घेणे, देवळात उभे राहून बोलणे हे प्रकार रूढ होते. कंपनीच्या कोर्टांतही आधी गंगाजळ व कुराण चाले. १८४० च्या पाचव्या अधिनियमाने ते बंद करून हिंदू व मुसलमान साक्षीदारांसाठी सर्वशक्तिमान ईश्वराच्या समक्ष खरे सांगण्याची प्रतिज्ञा ठरवली. त्या वेळी नागपूर कंपनीच्या मुलखात नव्हते. येथे ही रीत खालसानंतर आली असावी आणि १८७३ च्या अधिनियमाने ती पक्की झाली. सिनेमांत साक्षीदार लाल कापडात गुंडाळलेल्या गीतेवर हात ठेवतो. या कायद्याने तशी काही अपेक्षा ठेवलेली नव्हती.

जुनी शपथ मात्र मागच्या दाराने टिकून राहिली. १८७३ च्या अधिनियमाच्या आठव्या ते बाराव्या कलमांत अशी सोय होती : एखादा पक्षकार म्हणे, ‘समोरच्याने अमुक देवळात अमुक शपथ घेऊन सांगावे, मी ते मान्य करीन.’ समोरचा तयार झाला तर कोर्ट ती शपथ देई. ती कोर्टाबाहेर घेणे सोयीचे असेल तर कमिशन काढून माणूस पाठवी. अशा शपथेवर सांगितलेली गोष्ट, आव्हान देणाऱ्याविरुद्ध, निर्णायक पुरावा ठरे. मग न्यायाधीशालाही ती बाजूला सारता येत नसे. नकार देणाऱ्यावर सक्ती नव्हती, पण कोणती शपथ सुचवली, नकार दिला आणि का दिला, हे रोजनाम्यात लिहिले जाई. गावात त्याचा अर्थ काय लावला जात असेल हे वेगळे सांगायला नको. शपथ सभ्यतेला सोडून नसावी आणि तिचा परिणाम तिसऱ्या माणसावर व्हावा असा तिचा हेतू नसावा, अशा दोन अटी होत्या. दुसऱ्या अटीच्या शब्दांकडे पाहता पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, जी आपल्याकडे सर्वांत जड मानतात, तीत बसणे कठीण. चार असेसरांचे एकमुखी मत न्यायाधीशाला बांधत नसे आणि देवीच्या गाभाऱ्यात बोललेले एका पक्षकाराचे वाक्य बांधी, ही या व्यवस्थेतली विसंगती मजेची आहे. १९६९ च्या शपथ अधिनियमात ही बांधून ठेवणारी तरतूद राहिली नाही.

जबानी : सरतपासणी, उलटतपासणी व फेरतपासणी हा क्रम आजही तोच आहे. नागपूर विभागात साक्षीदार मराठीत बोले, गोंड साक्षीदाराला दुभाषी लागे, आणि न्यायाधीश बहुधा इंग्रजीत लिही. म्हणून लिहिलेली जबानी आरोपीच्या समक्ष साक्षीदाराला वाचून दाखवण्याचा नियम (कलम ३६०) महत्त्वाचा होता. ‘वाचून दाखविली, बरोबर आहे’ या चार शब्दांखाली सही किंवा अंगठा. तो न पाळल्याने खटलाच रद्द होत नाही, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचे शेवटचे अपील न्यायालय) १९२० नंतरच्या दशकात ब्रह्मदेशाच्या एका प्रकरणात ठरवले. साक्षीदाराला पोलिसाबरोबर कोर्टापर्यंत चालत जाण्याची सक्ती करू नये, त्याला अडकवून ठेवू नये, असेही संहितेत होते. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद होती. उत्तर नाकारणाऱ्यास कोर्ट तिथल्या तिथे सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवू शके.

साथीदार आरोपीच्या कबुलीजबाबाचे वजन किती, या प्रश्नावर नागपूरचा ठसा उमटला आहे. नागपूर हायकोर्टात न्यायाधीश असलेले व्हिव्हियन बोस सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर गोंदियातील एका खुनाच्या प्रकरणात (१९५२) त्यांनी लिहिले, की आधी तो कबुलीजबाब बाजूला ठेवून उरलेला पुरावा तपासावा आणि तो पुरेसा वाटल्यासच खात्रीसाठी कबुलीकडे वळावे.

अखेर : १९४२ च्या चिमूर व आष्टी येथील उठावांचे खटले विशेष न्यायालयांपुढे वॉरंट-खटल्याच्या पद्धतीने चालले, तेथे असेसर नव्हते. १९५५ च्या सव्विसाव्या अधिनियमाने असेसरपद्धत रद्द झाली आणि १ जानेवारी १९५६ पासून ती देशभर संपली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर हायकोर्टाचीही अखेर झाली व येथे मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ आले. नानावटी खटल्यामुळे (१९५९) ज्यूरी गेली अशी लोकप्रिय समजूत आहे. नागपुरात तोवर असेसरांच्या खुर्च्या उचलून तीन वर्षे झाली होती. ज्यूरीची उरलीसुरली तरतूद १९७३ च्या संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून गाळली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून ज्यूरर वगळला गेला आहे, पण कलम २६८ प्रमाणे असेसराचे सोंग घेऊन बसणे हा अजूनही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.