रक्तदाबाची जनुके: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

उच्च रक्तदाब घराण्यात चालत येतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. तो येतो कसा, यावर मात्र १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये चांगलीच जुंपली. मँचेस्टरचे डॉक्टर रॉबर्ट प्लॅट म्हणत, हा एकाच जनुकामुळे होणारा वेगळा आजार आहे. दुसरे डॉक्टर जॉर्ज पिकरिंग यांना ते मुळीच मान्य नव्हते. रक्तदाब उंचीसारखाच सलग पसरलेला असतो, त्यामागे अनेक जनुके असतात आणि ‘उच्च’ची रेषा आपणच आखतो, असे त्यांचे म्हणणे.

प्लॅट यांच्या बाजूचा पुरावा मिळाला, पण फक्त दुर्मीळ घराण्यांत. अमेरिकन डॉक्टर ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या कुटुंबात रक्तदाब चढा आणि पोटॅशियम कमी होते. म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणारे आणि पोटॅशियम बाहेर टाकणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेले असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते नगण्य निघाले. उलगडा व्हायला १९९४ उजाडले. मूत्रपिंडातील सोडियम वाहिनीच्या (मिठातले सोडियम पेशीत आत घेणाऱ्या मार्गाच्या) जनुकात बदल झाल्याने ही वाहिनी पेशीच्या पृष्ठभागावरून वेळेवर हटत नाही आणि सोडियम शरीरात परत ओढत राहते. म्हणूनच अल्डोस्टेरॉनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध इथे कुचकामी ठरते, तर थेट वाहिनीच बंद करणारे अमिलोराइड लागू पडते. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी अशी इतरही कुटुंबे तपासली. माग बहुतेक वेळा मूत्रपिंडातल्या मिठापाशीच जाऊन थांबला.

सर्वसामान्य रुग्णांचे कोडे मात्र सुटेना. एसीई हे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे रसायन तयार करणारे विकर. त्याच्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो. रक्तातील एसीईच्या पातळीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जवळजवळ निम्मा या तुकड्यामुळे, असे १९९० मध्ये दिसले. इतका तगडा दुवा हाती आल्यावर रक्तदाबाशीही नाते जुळणारच, असे वाटले. ते क्षीणच निघाले. एकेक जनुक हेरून अभ्यासण्याच्या त्या काळात पुराव्यापेक्षा उत्साहच अधिक होता, असे माझे मत.

२००७ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे २,००० रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळला गेला. रक्तदाबाबाबत ठोस काहीच हाती लागले नाही. नमुनाच तोकडा होता. २०११ मध्ये सुमारे २ लाख लोकांच्या माहितीतून २९ बदल निश्चित झाले, पण एकेकाने रक्तदाब हलतो साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. २०१८ मध्ये १० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासाने जनुकसंचातील अशा ठिकाणांची संख्या ९०० च्या पुढे नेली. पिकरिंग यांचे पारडे जड झाले ते असे. यांतले बरेच बदल मात्र प्रत्यक्ष जनुकांत नसून त्यांच्या आसपास आहेत, त्यामुळे कोणता बदल कुठल्या जनुकाला चालना देतो हे शोधण्याचे काम अजून चालूच आहे.