औषधाच्या दुष्परिणामाची नोंद परिचारिकेने कशी करावी : पात्रता, आवश्यक माहिती आणि प्रक्रिया

वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णाला एखाद्या औषधाचा त्रास होऊ लागला, तर ते बहुतेक वेळा सर्वांत आधी परिचारिकेच्याच लक्षात येते. तरीही त्याची अधिकृत नोंद करणे हे केवळ डॉक्टरांचे काम आहे, असा समज अनेक रुग्णालयांत पक्का बसलेला दिसतो. हा समज चुकीचा आहे. केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये सुरू केलेल्या 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया' अर्थात पीव्हीपीआय या औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमात परिचारिकेला स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीने नोंद पाठवता येते. एप्रिल २०११ पासून या कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानके ठरवणाऱ्या संस्थेत आहे.

नोंद कोण करू शकते आणि कशाची

डॉक्टर, दंतवैद्य, औषधनिर्माते आणि परिचारिका हे सर्व आरोग्य व्यावसायिक नोंद करण्यास पात्र आहेत. रुग्ण व नातेवाईक यांच्यासाठी वेगळा, सोपा फॉर्म असून तो मराठीतही मिळतो. परिचारिका सरकारी रुग्णालयातील आहे की खासगी नर्सिंग होममधील, याने पात्रतेत फरक पडत नाही. आरोग्य व्यावसायिकांच्या फॉर्मवर डॉक्टरांच्या सहीसाठी रकाना नाही, शुल्क नाही आणि कोणतेही प्रमाणपत्र जोडावे लागत नाही. अर्थात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तातडीने कळवणे आणि नर्सिंग नोट्समध्ये लिहिणे ही कामे या नोंदीच्या आधीची आहेत. नोंद केली म्हणून ती टळत नाहीत.

दुष्परिणाम सिद्ध झालेला असावा लागत नाही. नुसता संशय पुरेसा आहे. तो आधीपासून माहीत असलेला असो वा नवा, सौम्य असो वा गंभीर, नोंद करता येते. त्रास नेमका त्याच औषधामुळे झाला का, हे ठरवण्याचे काम केंद्रातील तज्ज्ञांचे असते.

हाताशी कोणती माहिती ठेवावी

रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे, त्रास झाला त्या वेळचे वय, त्रासाचे वर्णन, तो सुरू झाल्याची तारीख, संशयित औषधाचे नाव आणि नोंद करणाऱ्याची माहिती या बाबी अनिवार्य आहेत. पूर्ण नाव किंवा आधार क्रमांक द्यावा लागत नाही. उरलेले रकाने भरले नाहीत तरी फॉर्म स्वीकारला जातो. पण नोंदीचे खरे मोल त्याच रकान्यांत असते, असे माझे मत आहे.

उदाहरणार्थ, व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन सलाईनमधून चालू असताना रुग्णाचा चेहरा व मान लाल होऊन खाज सुटली, असे समजा. या औषधाचा एक ग्रॅमचा डोस किमान एक तासात सावकाश द्यावा लागतो आणि वेग वाढल्यास नेमका हाच त्रास होतो. अशा वेळी 'अंगावर पुरळ' एवढेच लिहून भागत नाही. औषध किती वाजता सुरू केले, किती मिलिलिटरमध्ये मिसळले, किती वेगाने चालू होते, लाली किती मिनिटांनी दिसली, औषध थांबवल्यावर ती ओसरली का, पुन्हा सावकाश दिल्यावर परत आली का, हे सारे परिचारिकेलाच ठाऊक असते आणि फॉर्ममध्येही औषध थांबवल्यानंतरचे व पुन्हा दिल्यानंतरचे परिणाम विचारलेले आहेत. बॅच क्रमांक, कंपनी आणि मुदत संपण्याची तारीख रिकाम्या वायलवरून (औषधाच्या कुपीवरून) लगेच उतरवून घ्यावी. एकदा वायल कचऱ्याच्या डब्यात गेली की हा रकाना बहुधा कोराच राहतो. सोबत चालू असलेली इतर औषधे, घरून आणलेला काढा किंवा चूर्ण, पूर्वीची ॲलर्जी, गरोदरपण, यकृत वा मूत्रपिंडाचा विकार यांचीही नोंद करावी.

मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे किंवा मुक्काम वाढणे, अपंगत्व आणि बाळातील जन्मजात व्यंग यांची गणना गंभीर परिणामांत होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र खूण करायची असते.

फॉर्म कुठे द्यावा

आपल्या रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात एडीआर मॉनिटरिंग सेंटर, म्हणजे दुष्परिणामांच्या नोंदी घेणारे केंद्र असेल, तर भरलेला फॉर्म तेथे द्यावा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात असे केंद्र आहे. केंद्र जवळ नसल्यास कमिशनच्या ऑनलाइन प्रणालीतून किंवा कार्यालयीन वेळेत १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करता येते. रुग्णाच्या प्रकृतीत नंतर बदल झाला, तर त्याच नोंदीचा पाठपुरावा म्हणून दुसरा फॉर्म द्यावा, नवे प्रकरण म्हणून नव्हे.

भीतीचा प्रश्न

वरच्या उदाहरणात परिचारिकेच्या मनात पहिला विचार कोणता येईल, हे सांगायला नको : वेग मी लावला होता, म्हणजे ठपका माझ्यावरच येणार. फॉर्मवरच छापलेले आहे की रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली जाते, नोंद करणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे आणि नोंद करणाऱ्यावर तिचे कोणतेही कायदेशीर परिणाम होत नाहीत. हे आश्वासन नोंदीपुरते आहे, रुग्णालयाच्या अंतर्गत चौकशीला ते लागू होत नाही, हेही स्पष्ट समजून घ्यावे. म्हणूनच वॉर्डातील घटना-नोंदीचा फॉर्म मागणाऱ्या सिस्टरकडे मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टर कोणत्या नजरेने पाहतात, यावर पुढच्या किती नोंदी येतील हे बरेचसे ठरते. ज्या वॉर्डातून वर्षभर एकही नोंद गेलेली नाही, तो सुरक्षित आहे असे मानण्याआधी तेथील परिचारिकांशी बोलून पाहावे.

रक्त चढवताना झालेल्या प्रतिक्रियेसाठी मात्र हा फॉर्म वापरू नये. ती नोंद रक्तपेढीमार्फत हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे जाते. तो डिसेंबर २०१२ पासून नोएडा येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्स चालवते. इन्फ्युजन पंप किंवा कॅथेटर यांसारख्या उपकरणातील बिघाडासाठी जुलै २०१५ मध्ये सुरू झालेला मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम असून त्याचा फॉर्म वेगळा आहे. तोही इंडियन फार्माकोपिया कमिशनकडेच पाठवायचा असतो. बिघडलेले उपकरण चौकशी होईपर्यंत दुरुस्तीला न पाठवता, अनुक्रमांकाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवावे.