भास्कराचार्य एक नव्हेत, दोन

आर्यभटांच्या ‘आर्यभटीय’ या गणित-खगोलग्रंथावर भाष्य लिहिणारे आणि ‘लीलावती’ रचणारे भास्कराचार्य एकच होते, हा समज वर्षानुवर्षे चालत आलेला असला तरी तो चुकीचा आहे. आर्यभटीयावरील भाष्य इ.स. ६२९ मधील आहे, तर लीलावती ज्याचा भाग आहे तो ‘सिद्धान्तशिरोमणि’ १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनंतर पूर्ण केला.

या गल्लतीत सर्वाधिक अन्याय होतो तो पहिल्या भास्कराचार्यांवर. कोष्टक न वापरता कोनाची ज्या (साइन) काढण्याचे त्यांचे सूत्र ‘महाभास्करीय’ या ग्रंथात आहे. कोन १८० मधून वजा करून येणाऱ्या बाकीला त्याच कोनाने गुणावे. या गुणाकाराच्या चौपटीला, ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून उरलेल्या संख्येने भागावे. ३० अंशांसाठी १८,००० भागिले ३६,००० म्हणजे नेमके ०.५ येते, ४५ अंशांसाठी ०.७०५९ येते, खरी किंमत ०.७०७१ आहे. सातव्या शतकातील ही अचूकता थक्क करणारी आहे. लीलावतीतही याच धाटणीचे जीवेचे (परिघावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेच्या लांबीचे) सूत्र आढळत असल्याने श्रेयाचा घोळ वाढणे स्वाभाविक आहे. परंतु कालक्रम पाहता मान पहिल्या भास्कराचार्यांकडे जातो. दुसऱ्यांचे चक्रवाल पद्धतीवरील (विशिष्ट समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या रीतीवरील) आणि ग्रहगणितातील काम स्वतंत्रपणे मोठे आहेच.

आर्यभटही दोन होऊन गेले: ४९९ मधील आर्यभटीयाचे कर्ते वेगळे, ‘महासिद्धान्त’कार वेगळे.